मक्याचा करपा : पंप पाठीवर घेण्यापूर्वी

नमस्कार, शेतकरी बंधुभगिनींनो. भातकापणीनंतर पाणी देऊन मधुमका (स्वीट कॉर्न) केलेल्या शेतांत आता कणसे भरू लागली आहेत. सकाळी उशिरापर्यंत दवाने भिजलेल्या पानांवर राखाडी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळते चट्टे दिसले, तर तो टर्सिकम करपा समजावा. हा करपा बहुधा तळच्या पानांपासून वर चढतो, आणि दाणा पोसतात ती मुख्यतः कणसाजवळची व त्यावरची पाने.

गुहागरकडे माझी आत्या दहा-बारा गुंठ्यांत मका करते. एका जानेवारीत खालची पाने करपलेली पाहून आतेभाऊ औषधाची पुडी फोडण्याच्या बेतात होता, तेव्हा आत्याने त्याला बांधावरच थांबवले. तिने एका कणसाचे सुकून तपकिरी झालेले केस पाहिले, साल थोडे सोलून दाण्यात नख रोवले, आणि पांढरे दूध बाहेर आले. मग ती ओळीओळीने फिरून कणसाजवळचे पान उलटून पाहत गेली. ते सगळीकडे हिरवे होते. “अरे, चार दिवसांत कणसं काढायची, पोरंबाळं खाणार. तुरा येताना सांगितलं असतंस, तर मीच पंप भरून दिला असता,” ती म्हणाली. पुडी तशीच माळ्यावर गेली आणि पाचव्या दिवशी भरलेली कणसे निघाली.

म्हणून सांगतो, आधी कणसाजवळचे पान पाहा. तुरा निघण्याच्या सुमारास करपा त्या पानाकडे चढत असेल, तरच 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम मँकोझेब हे बुरशीनाशक मिसळून फवारावे, आणि फवारणी ते काढणी यांतले पुडीवर छापलेले अंतर पाळावे. केस आल्यापासून साधारण 18 ते 24 दिवसांत मधुमका काढणीला येतो. गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख आपण दिनदर्शिकेवर न चुकता लिहितो. केस आल्याची तारीखही तिथेच लिहिली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दाण्यासाठी राखलेल्या मक्याची पाने करपली, तर कणीस ताटातली साखर ओढून घेते आणि ताट कमकुवत होते. तेव्हा तळाची पेरे चिमटीत दाबून पाहावीत. ती दबत असतील, तर ताटे आडवी पडण्याआधी कणसे काढून खळ्यात वाळवावीत. करप्याची बुरशी वाळलेल्या पानांवर टिकून राहते, म्हणून ती ताटे बांधावर न टाकता खतखड्ड्यात मातीखाली दाबावीत, आणि पुढच्या हंगामात त्या तुकड्यात वाल किंवा कुळीथ घ्यावा.