एक ओळ किंबाप

(सोल. सकाळचे साडेसहा. शटर अर्धं वर गेलेलं एक छोटं दुकान. भाताच्या पातेल्यातून वाफ निघतेय.)

भात गरम आहे, पण कढत नाही. कढत भात घातला की बाहेरचं पान, म्हणजे किम, लगेच मऊ पडतं आणि सुरळी करताना फाटतं. म्हणून या मावशी भात आधी पसरट भांड्यात काढतात, मीठ आणि भाजलेल्या तिळाचं तेल घालतात आणि हलक्या हातानं कालवतात. व्हिनेगर नाही. व्हिनेगर घातलं की तो सुशीचा भात. इथे घास तोंडापाशी नेताना नाकाला तिळाचाच वास आला पाहिजे.

किम म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ, काळपट पापुद्रा. बाप म्हणजे भात. हसू नका. कोरियनमध्ये 'बाप' म्हणजे भातही आणि जेवणही. ओळखीचं माणूस भेटलं की 'बाप मोगोस्सो?' म्हणतात, अगदी आपल्या 'जेवलास का?'सारखं.

(जवळून: दोन हात, बांबूची चटई.)

किमच्या पानाची चकचकीत बाजू खाली, खरखरीत वर. तिच्यावर भात असा पसरायचा, की मधूनमधून खालचा काळा रंग दिसावा. पलीकडच्या कडेला दोन बोटं जागा मोकळी. मग तेलावर परतलेल्या गाजराच्या काड्या, अंड्याच्या पोळीची लांब पट्टी, हॅम आणि वाफवून घट्ट पिळलेला पालक. हे पिळणं महत्त्वाचं. पालकात पाणी राहिलं तर तासाभरात सगळी सुरळी गळपटते. शेवटी दानमुजी, म्हणजे आंबटगोड मुरवलेला पिवळाधमक मुळा. बाकी सगळं मऊ, दाताखाली करकरणारा हाच एक. माझ्या मते तो नसेल तर किंबाप करायच्या भानगडीत पडू नये.

एक वळसा, दाब, पुन्हा वळसा. सुरळीच्या वड्या करणाऱ्या हाताला यातलं काही शिकवावं लागणार नाही. वरून तेलाचं बोट फिरवायचं, तीळ भुरभुरायचे. सुरीलाही तेल, नाहीतर भात चिकटतो.

'इमो, किंबाप हान जुल!'

पहिलं गिऱ्हाईक आलं. इमो म्हणजे मावशी. नात्यातली असायलाच हवी असं नाही. खाऊच्या दुकानातल्या बाईंना सगळे तीच हाक मारतात. हान जुल म्हणजे एक ओळ. किंबाप असं ओळीवर मागायचं. फॉइलमध्ये गुंडाळलेली ती ओळ बॅगेत टाकून माणूस भुयारी रेल्वेचा जिना उतरूनही गेला.

हे किंबाप जपानी नोरिमाकीवरून, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या सुशीवरून, आलं की कोरियाचं स्वतःचंच, यावर अभ्यासक वाद घालतात. घालोत. मावशींना आठच्या गर्दीआधी बऱ्याच ओळी वळायच्या आहेत.

(दक्षिण किनारा. थंडीतला समुद्र, पाण्यावर जाळ्यांच्या रांगा.)

किम येतं ते इथून: वान्दो, जिन्दो, गोहुंग. हिवाळ्यात जाळ्यांवर वाढलेलं शेवाळ काढायचं, बारीक करून चौकटीत ओतायचं आणि वाळवायचं. शंभर पानांचा एक 'थोत'. 2023 साली या किम-पानांची निर्यात पहिल्यांदाच 1 लाख कोटी वॉनच्या वर गेली आणि लोक त्याला, कोरियाच्या चिप-निर्यातीवरून, 'काळं सेमीकंडक्टर' म्हणू लागले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ट्रेडर जोज दुकानांत टोफू घातलेलं गोठवलेलं किंबाप आलं आणि बघता बघता संपलं. कौतुक खरंच, पण झळ मावशींना बसली. 2024 मध्ये किम महागलं. नव्वदच्या दशकाअखेरीस हजार वॉनला मिळणारी ओळ आता सोलमध्ये तीन हजारांच्या पुढे, म्हणजे आपल्या दोनशे रुपयांच्या घरात गेली.

याच किनाऱ्यावर, पूर्वेकडे, तोंगयोंग नावाचं बंदर आहे. पूर्वी त्याला चुंगमू म्हणत. तिथल्या किंबापमध्ये सारण नसतंच. नुसता भात किममध्ये बोटाएवढा गुंडाळलेला, आणि शेजारी तिखट माकुल आणि मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं लोणचं. सारण भातात ठेवलं तर होडीवर दुपारपर्यंत आंबायचं, म्हणून वेगळं दिलं, असं तिथले लोक सांगतात. 1981 साली सोलच्या योइदो बेटावर भरलेल्या मोठ्या महोत्सवात ते विकायला आलं आणि देशभर माहीत झालं.

(एका घराचं स्वयंपाकघर. खिडकीबाहेर अजून अंधार.)

कोरियातल्या कुणालाही किंबापबद्दल विचारा, गोष्ट शाळेच्या सहलीपाशीच पोचते. आई पहाटे उठून सुरळ्या वळायची. डब्यात मधले गोल, नीटस तुकडे जायचे. दोन्ही टोकं, ज्यांतून गाजर आणि पालक झिपऱ्यांसारखे बाहेर आलेले असतात, ती ओट्यापाशीच राहायची. टोकाला भात कमी आणि सारण जास्त, त्यामुळे खरी मजा तिथेच, हे घरात सगळ्यांना ठाऊक. झोपेतून उठून आलेलं पोर ओट्यापाशी आ करून उभं राहायचं, आणि आई सुरी हातात तशीच धरून दुसऱ्या हातानं टोक तोंडात कोंबायची.

आणि उरलेल्या ओळीचं काय? फ्रिजमध्ये भात टणक होतो, खाववत नाही. मग शिळ्या भाताला आपण फोडणी देतो तसा कोरियन माणूस अंडं फेटतो. एकेक चकती त्यात बुडवायची आणि तव्यावर टाकायची.

(तवा. चकत्यांच्या कडा सोनेरी होतायत. चर्र आवाज तसाच राहू द्यायचा, संगीत नको.)