परीकथेच्या नायिकेचे मन

मित्रहो, आजचा विषय 'ॲनिमेशनपटांतील परीकथा आणि त्यांतील गाणी' असा जाहीर झाला आहे. मात्र विषयाकडे वळण्यापूर्वी मला अनेक वर्षे सलत असलेल्या एका मताचा समाचार घेणे भाग आहे. गाणे सुरू झाले की गोष्ट थांबते, मुले चुळबुळ करू लागतात, म्हणून अशा चित्रपटांत गाणी बेताचीच असावीत, असे ते मत आहे. आपल्यापैकी काहींनी घरी चित्रपट पाहताना गाणे पुढे पळवलेही असेल; हात वर करण्याचा आग्रह मी धरत नाही.

ग्रिम बंधूंचा कथासंग्रह १८१२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यातील हिमगौरी आठवून पाहा. ती रानात पळते, बुटक्यांच्या घरी राहते, विषारी सफरचंद खाते. पण या सगळ्या काळात तिला काय हवे होते, याबद्दल कथा जवळजवळ मौन पाळते. लोककथेची रीतच तशी आहे: ती घडलेले सांगते आणि मन ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोडते. चित्रपटाला ही मोकळीक नाही, कारण तिथे त्या मुलीचा चेहरा आपण तास-सव्वा तास पाहणार असतो. म्हणूनच १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटात हिमगौरी आरंभीच विहिरीकाठी गाऊ लागते आणि तिची इच्छा आपल्याला कळते. परीकथेने मोकळी ठेवलेली मनाची जागा गाणे भरून काढते, हे माझे आजचे प्रतिपादन आहे.

आता ज्या प्रसंगाविषयी मला विस्ताराने बोलायचे आहे, तो 'द लिटल मर्मेड' या १९८९ च्या चित्रपटाचा. त्याची गीते हॉवर्ड ॲशमन यांची आणि संगीत ॲलन मेंकन यांचे. दोघेही रंगभूमीवरून आलेले. संगीतिकेत नायिकेने आपली आस सुरुवातीलाच गाऊन सांगावी, हा तिथला जुना संकेत ॲशमन यांनी ॲनिमेशनमध्ये आग्रहाने आणला, आणि जलपरी आपल्या गुहेत, माणसांच्या वस्तूंच्या संग्रहात बसून 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' गाऊ लागली. चित्रपट अपुरा असताना, त्या गाण्याची चित्रे अजून कच्ची असताना, तो काही प्रेक्षकांना दाखवण्यात आला आणि गाण्याच्या वेळी मुले अस्वस्थ झाली. निर्मितीगृहाचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी गाणे काढावे असे सुचवले. ॲशमन यांनी कडाडून विरोध केला, दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर तसेच चित्रकार ग्लेन कीन हेही गाण्याच्या बाजूने उभे राहिले, आणि गाणे वाचले.

ते गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करतो. ही गोष्ट मुळात ज्यांची, त्या डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या १८३७ च्या कथेप्रमाणे इथेही जलपरी पाय मिळवण्यासाठी आपला आवाज देऊन टाकते. तो आवाज मन लावून गाताना आपण ऐकलाच नसता, तर या सौद्यात तिने काय गमावले हे आपल्याला कसे जाणवले असते? पुढे राजपुत्र तिला ओळखू शकत नाही, तेही आवाजाअभावीच. ज्या गाण्याने कथा थांबते असे वाटले, त्या गाण्यावरच उरलेली सारी कथा उभी आहे. मुलांच्या चुळबुळीवरून गाण्याचे मोल ठरवणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. (अध्यक्षांनी वेळेची आठवण दिली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो.)

गाणे मन सांगते, तसेच ते काळही पुढे नेते. १९९१ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'साठी वाड्यातील नोकरांचे एक लांबलचक गाणे लिहिले होते. ते बाजूला ठेवून त्याच्या जागी छोटे 'समथिंग देअर' आले, आणि नायिका व शापित श्वापद यांच्यातील तिरस्काराचे स्नेहात होणारे रूपांतर, ज्याला गद्य संवादांचे कितीतरी प्रसंग लागले असते, ते काही मिनिटांत पटले. तो चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये, ॲशमन यांचे निधन झाले होते.

गाणे पात्राचा स्वभावही ठरवू शकते. २०१३ च्या 'फ्रोझन'मध्ये एल्सा मुळात खलनायिका म्हणून योजलेली होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ यांनी 'लेट इट गो' लिहिले आणि ते ऐकल्यावर, भीतीने स्वतःला कोंडून घेतलेली ही मुलगी दुष्ट असूच शकत नाही, हे सर्वांच्या ध्यानात आले. मग गाण्याला कात्री न लावता कथाच नव्याने बांधण्यात आली. आवाज आधी ध्वनिमुद्रित करून चित्रे त्याबरहुकूम काढण्याची जी पद्धत या माध्यमात रुळली आहे, तिच्याविषयी बोलायचे राहिले. ते प्रश्नोत्तरांत घेऊ.