स्क्रूजची थकबाकी

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या गोष्टीतल्या मार्लेच्या साखळीपासून सुरुवात करतो. एबेनेझर स्क्रूजचा भागीदार जेकब मार्ले मरून त्या रात्री बरोबर सात वर्षं झालेली असतात. नाताळची आदली रात्र आहे, लंडनमध्ये दाट धुकं आहे, आणि मार्लेचं भूत साखळी खळखळवत जिना चढून येतं. आता भुताने साखळी ओढत येणं यात नवीन काही नाही. डिकन्स मात्र ती साखळी हातात घेऊन बघावी तशी दाखवतो. तिच्यात अडकल्या आहेत गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, दस्तऐवज आणि पोलादाचे जड बटवे. पेढीवरचं सगळं सामान! आणि मार्ले सांगतो, ही मीच जिवंतपणी घडवली, एकेक कडी जोडून.

‘अ ख्रिसमस कॅरल’ आपण बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या रूपात पाहिलेली असते. एक कवडीचुंबक म्हातारा, तीन भुतं, सकाळी हृदयपरिवर्तन. मूळ पुस्तक वाचताना मला दर वेळी वाटतं, की ही भुतं घाबरवायला आलेलीच नाहीत. ती वसुलीला आली आहेत.

पुस्तकात आकडे किती आहेत बघा. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट, त्याला आठवड्याला १५ शिलिंग. नाताळची एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्यायची, तर स्क्रूजच्या लेखी ती खिसेकापूपणाच. कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत, म्हणजे कारकुनाला शेकोटीत एक ढेकूळ वाढवायचं तरी मालकासमोर जावं लागणार. अंधार स्वस्त पडतो म्हणून स्क्रूजला अंधार आवडतो. गरिबांसाठी वर्गणी मागायला दोन गृहस्थ येतात, तेव्हा तो विचारतो, तुरुंग बंद पडलेत का? वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना राबवून पोटाला घालणारी आश्रयगृहं, चालू आहेत ना? तिथे जाण्यापेक्षा मरण बरं असं लोक म्हणत असतील, तर मरू देत, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल. हे वाक्य त्या काळच्या वाचकाला ओळखीचं होतं. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असं मांडणारा अर्थतज्ज्ञ माल्थसचा निबंध १७९८ सालचा, आणि गरिबांना मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या, असं म्हणणारा कायदा १८३४ सालचा. स्क्रूज चारचौघांत चालणारी मतंच बोलतो आहे.

हा हिशेब डिकन्सला इतका आतून का ठाऊक होता? १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्ज फेडता आलं नाही म्हणून मार्शलसीच्या तुरुंगात टाकलं. चार्ल्स बारा वर्षांचा. तो बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होता, आठवड्याला ६ शिलिंगांवर. ही गोष्ट त्याने हयातभर लोकांना कळू दिली नाही.

१८४३ साली बालकामगारांच्या हालांवरचा सरकारी अहवाल वाचून तो अस्वस्थ झाला. आधी एक पत्रक काढायचं ठरवलं होतं. मग बेत बदलला आणि सहा आठवड्यांत गोष्ट लिहून काढली. लंडन झोपलं की हा गृहस्थ रस्त्यांवरून पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल चालत सुटायचा. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आलं आणि नाताळच्या आत ६,००० प्रती संपल्या. किंमत ५ शिलिंग, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा! ज्याच्यासाठी जीव तुटत होता त्याच्या हातात हे पुस्तक पडणं कठीणच होतं. डिकन्स स्वतः तेव्हा पैशाच्या ओढाताणीत होता. हजार पौंड सुटतील असा त्याचा अंदाज, पण सोनेरी कडा आणि जॉन लीचची रंगीत चित्रं यांतच खर्च इतका झाला, की पहिल्या आवृत्तीचे हाती आले जेमतेम २३० पौंड. लोभाविरुद्ध लिहिणारा माणूस रात्री बसून असली बेरीज-वजाबाकी करत होता, हे मला तरी खटकत नाही. गरिबी पाहिलेला माणूस पैसे मोजतोच.

मार्लेनंतर येणाऱ्या तीन भुतांतल्या शेवटच्या भुताकडे येऊ, कारण खरा काळोख तिथे आहे. हे भूत बोलत नाही, नुसतं बोट दाखवतं. एका घाणेरड्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या दुकानात तीन माणसं गाठोडी घेऊन आली आहेत. एक मोलकरीण, एक धोबीण, एक अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याकडचा माणूस. कुणीतरी मेलं आहे आणि यांनी त्याचं घर धुऊन आणलं आहे. मोलकरणीने पलंगाचे पडदे कड्यांसकट उतरवले, तेही प्रेत पलंगावर असताना. अंगातला चांगला सदराही काढून घेतला, पुरायला साधं सुती कापड पुरे म्हणून. दुकानदार खडूने भिंतीवर एकेका वस्तूची किंमत लिहितो आणि खाली बेरीज मारतो. स्क्रूज बघत उभा आहे. मेला तो कोण, हे त्याला अजून मान्य करायचं नाही.

मग तो भुताची विनवणी करतो, या मरणाने कुणाचं तरी मन हललं असेल, तो माणूस मला दाखव. नाटक-सिनेमावाले पुष्कळदा गाळतात तो हा प्रसंग. भूत त्याला एका तरुण जोडप्याच्या घरी नेतं. ते मेलेल्या माणसाचे कर्जदार आहेत. नवरा सांगतो, तो गेला. बायकोच्या तोंडून आधी सुटकेचा उद्गार निघतो, मग तिचं तिलाच वाईट वाटतं. कर्ज आता दुसऱ्या कुणाकडे जाईल, पण तोवर पैसे जमतील, आणि नाही जमले तरी नवा सावकार इतका निर्दय निघायचा नाही. आज रात्री निवांत झोप लागेल, असं तो म्हणतो. त्या मृत्यूने कुठे काही भावना जागी केली असेल, तर ती आनंदाची. मार्शलसीत वडिलांना भेटायला जाणारा मुलगा हा प्रसंग लिहितो आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. थडग्यावरचं स्क्रूजचं स्वतःचं नाव त्यानंतर येतं, पण माझ्या मते स्क्रूज मोडतो तो याच घरात.

सकाळी तो पडदे चाचपून बघतो. आहेत, कड्यांसकट! मग टर्की आणायला पाठवलेल्या पोराला एक शिलिंग कबूल करतो, पाच मिनिटांत आलास तर अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग. पुढे रस्त्यात त्याला वर्गणीवाला गृहस्थ भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात रक्कम सांगतो. गृहस्थाचा श्वासच अडकतो, तो विचारतो, खरंच म्हणताय? एक छदामही कमी नाही, स्क्रूज म्हणतो, यात बरीच मागची थकबाकी धरली आहे.

ती रक्कम किती, हे डिकन्सने लिहिलेलं नाही. बॉबचा पगार वाढवला, तो कितीने, तेही नाही.