दुधाच्या दाताची मुदत

मूल आईच्या मांडीवर आडवं, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. वरचा ओठ अलगद उचलला. आता हिरडीच्या अगदी कडेला बघा. दातावर पांढुरकी, निस्तेज रेघ दिसते. दूध चिकटलं असेल म्हणून पुसायला जावं, तर ती जात नाही. कीड अशी सुरू होते. इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातली, खनिजं निघून जाऊ लागली आहेत, पण खड्डा अजून पडलेला नाही. आजच रात्रीची बाटली बंद झाली, फ्लोराइडची पेस्ट सुरू झाली, डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप दिला, तर ड्रिलला हात न लावता कीड इथेच थोपवता येते. म्हणून घरीही अधूनमधून ओठ उचलून बघत जा.

रेघ वरच्या दातांवरच का? झोपेत लाळ कमी सुटते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या दातांभोवती दूध साचतं आणि जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असतात, ते बहुधा वाचतात.

"दुधाचे दात आहेत, पडणारच की!" दातांच्या दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत कामाच्या असतात. पाच वर्षांच्या मुलाला त्याच दाढांनी अजून कितीतरी वर्षं जेवायचं आहे. त्यांचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. लहान मूल दात दुखतो असं सांगेलच असं नाही. ते एकाच बाजूने चावतं, जेवायला तासभर लावतं, रात्री रडत उठतं, आणि घरचे म्हणतात, हट्टी झालंय.

एक्स-रे काढून पाहा. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात पक्क्या दाताचा अंकुर बसलेला दिसतो. वरची दाढ त्याची जागा राखून असते. ती वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि या दाताची वाट अडते. मग जागा राखायला तार बसवावी लागू शकते.

ती मागची दाढ म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, सगळ्यांच्या मागून ती गुपचूप उगवते. तिला दुधाची समजून सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. कारण ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्यावरच्या खोल खाचा सीलंट नावाच्या लेपाने बुजवता येतात. दुखत नाही, सुई लागत नाही.

किडलेल्या दातालाही दरवेळी ड्रिल लागतं असं नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब किडीवर लावला, तर बऱ्याचदा ती थांबते. किडलेला भाग काळा पडतो, तो काळाच राहतो. हे आईवडिलांना आधी सांगायलाच हवं. काही दाढांवर भूल न देता, कीड न कोरता स्टीलची कॅप बसवतात. या पद्धतीला हॉल तंत्र म्हणतात. कीड नसेपर्यंत गेली असेल, तर मात्र नसेवर उपचार करावेच लागतात.

घरचं काम थोडंच आहे, पण रोजचं. पहिला दात दिसल्यापासून दिवसातून दोनदा ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. तोवर मुलांचा हात मागच्या दाढांवर नीट वळत नाही.

आणि "दंगा केलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील" ही धमकी घरातून हद्दपार करा. चांगला डॉक्टर मुलाला आधी सांगतो, मग आरसा हातात देतो, ब्रश नखावर फिरवून दाखवतो आणि मगच तोंडात घालतो. घरी पेरलेली भीती ही सगळी मेहनत वाया घालवते. पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत घ्या, काही दुखत नसताना. त्या दिवशी खुर्चीत बसायचं, दात मोजून घ्यायचे आणि घरी यायचं, एवढंच.