थेंब मुळाशी पडावा

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार. आपल्या रक्तात फिरणाऱ्या, रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी कर्करोगाच्या पेशींनाही मारू शकतात. मात्र या पेशींनी अति करू नये म्हणून शरीराने त्यांना जो लगाम घातलेला असतो, तोच कर्करोगाची गाठ स्वतःच्या फायद्यासाठी ओढून धरते. हा लगाम सैल करण्याच्या उपचाराचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण अशी, की औषध साऱ्या अंगात पसरते, लगाम सगळीकडे सुटतो आणि काही रुग्णांच्या आतड्यांवर, त्वचेवर किंवा फुप्फुसांवर त्याच पेशी तुटून पडतात.

येथे मला सांगोल्याच्या माझ्या मामांची डाळिंबाची बाग आठवते. मामा बागेला पाटाने पाणी देत असत. पाणी रानभर पसरे, तण माजे आणि झाडाच्या वाट्याला थोडेच येई. विहिरीने तळ गाठला त्या वर्षी त्यांनी ठिबक बसवले, तेव्हा "एवढ्याशा थेंबावर झाड जगंल का?" असे मामी रोज विचारत. महिनाभराने मामांनी त्यांना बागेत नेले, ड्रिपरखालची माती हाताने उकरली आणि कोवळी पांढरी मुळी दाखवली. विहीर तीच, पाणी तेच. थेंब आता मुळाशी पडत होता.

नॅनोकणांकडून संशोधकांना हेच काम हवे आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे शंभर नॅनोमीटरच्या स्निग्ध कणात औषध भरून ते गाठीत, किंवा टी-पेशींना शत्रूची ओळख जेथे करून दिली जाते त्या लसिका ग्रंथींत, पोचवायचे. पुन्हा सांगतो, औषध तेच, ते मुळाशी पोचवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मामांचे ड्रिपर क्षारांनी तुंबले आणि आम्ल सोडून नळ्या धुवाव्या लागल्या. नॅनोकणांच्या वाटेतही असा अडथळा आहे. शिरेतून दिलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा मध्येच टिपून घेतात. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील एका मोठ्या आढाव्यात गाठीपर्यंत पोचलेले कण हजारांत साधारण सातच भरले. म्हणूनच काही संशोधक शिरेची वाट सोडून हे कण सुईने थेट गाठीतच सोडून पाहत आहेत.