माळ्यावरच्या पुंगळ्या
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: डिचोली तालुक्यातलं घर. पावसाची उघडीप. गोठ्यावरच्या माळ्याला लावलेली शिडी.]

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातली घरं झाडून निघतात, माळे रिकामे होतात आणि भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा राहतो. पितळेला भाव बरा मिळतो. हा डबाही त्याच वाटेने गेला असता. तो वाचला, कारण भाचा अमेरिकेतून सुट्टीवर आला होता आणि शिडी त्याने धरली होती.

[दृश्य: बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. पुंगळ्या वर्तमानपत्रावर ओतल्या जातात. मूळ आवाज ठेवावा, निवेदन थांबावं.]

या काडतुसांच्या पुंगळ्या, गोळी झाडल्यावर मागे उरणारी पितळी नळी. मामा सांगतात, त्यांच्या वडिलांनी डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला त्या दिवसांत, रस्त्याकडेला वेचल्या. घरात सगळ्यांना हेच माहीत. डबा उघडून एकेक पुंगळी कुणी पाहिलेली नव्हती.

[दृश्य: भाच्याच्या फोनवरचं चित्रीकरण. अमेरिकेतली नेमबाजीची रेंज. जमिनीवर विखुरलेलं पितळ, बादली, चाळण.]

भाचा तिथे हौशी नेमबाज आहे. वापरलेली पुंगळी साफ करायची, मापात आणायची, तिच्यात नवी केप (बुडातली छोटी टोपी, ठोका पडला की पेटणारी), दारू आणि गोळी बसवायची. याला तिकडे रिलोडिंग म्हणतात आणि ते रीतसर चालतं. तो त्यात नवखा आहे. नवख्याच्या वाट्याला पहिलं काम येतं ते निवडण्याचं. रेंजवर दहा जणांनी दहा तऱ्हेचं पितळ सांडलेलं असतं. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांचंच घ्या. एकीची पुंगळी १७ मिलिमीटर लांब, दुसरीची १८, तिसरीची १९. बादलीत तिन्ही सारख्याच दिसतात. चुकीची पुंगळी चुकीच्या साच्यात गेली तर साचा अडकतो, आणि तिथे लक्षात आलं नाही तर पुढे बंदुकीचं आणि हाताचं काय होईल ते सांगायला नको.

[दृश्य: पडवीतलं टेबल. पांढरा कागद, बारीक मापं घेण्याचा व्हर्नियर, लोहचुंबक, छोटी विजेरी.]

आता तीच शिस्त इथे, पडवीत. सर्वांत आधी एकेक पुंगळी विजेरीने आतून पाहायची. आत काही आहे का? बुडाच्या केपेवर ठोका पडलेला आहे का? ठोका नसेल तर केप जिवंत असू शकते. पुंगळी रिकामी असली तरी तिला हात लावायचा नाही. इथे सगळ्यांवर ठोके आहेत. मग लोहचुंबक. चिकटली तर पोलाद, वर मुलामा असला तरी. यातली एकही चिकटली नाही.

[दृश्य: मामा वाटीतल्या चिंचेने एक पुंगळी घासायला घेतात. भाचा हात धरतो.]

“मामा, थांबा, घासू नका.”
“अरे, समई अशीच उजळते!”

समई उजळते, पण बुडावरचा उथळ शिक्काही झिजतो. ओल्या फडक्याने माती पुसायची, एवढंच. गंमत म्हणजे रिलोडिंग करणारा स्वतः पितळ यंत्रात घोळवून आरशासारखं लखलखीत करतो. पण त्याला ते पुन्हा वापरायचं असतं. इथे आपल्याला ते वाचायचं आहे.

[दृश्य: अगदी जवळून – पुंगळीचा गळा. उभी बारीक चीर. सावकाश फिरवावी.]

ही चीर पाहा. ही पडल्याने किंवा आपटल्याने आलेली नाही. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. पुंगळी ओढून लांबवताना गळ्याच्या धातूत ताण राहतो. त्याला दमट हवा आणि अमोनिया मिळाला की गळा आपोआप चिरतो. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात हाच अनुभव आला होता. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची आणि उघडीप झाल्यावर पाहावं तर गळे तडकलेले. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, हे १९२१ साली धातुशास्त्रज्ञांनी नीट उलगडून दाखवलं. आता हा डबा कुठे होता ते आठवा. गोठ्यावरच्या माळ्यावर!

यावर उपाय म्हणून गळा तापवून त्यातला ताण काढतात. काही लष्करी पुंगळ्यांच्या गळ्याशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो त्या तापवण्याचाच. जुना डाग समजून हाही पट्टा घासून काढला जातो. मामांची वाटी आता आत गेली आहे.

[दृश्य: पुंगळ्यांची बुडं एका ओळीत. वरून.]

पुढे बुडाची कड. ती अंगाबाहेर आलेली आहे, की अंगाबरोबर असून वर खाच कोरलेली आहे? एवढ्यावरच ढीग दोन भागांत वाटला जातो. मग आकार, सरळ नळी की खांदा असलेली बाटली. मग लांबी, बुडाचा व्यास, तोंडाचा व्यास. शिक्का सर्वांत शेवटी. नवखा मात्र आधी शिक्काच वाचतो आणि तिथेच फसतो. एका जातीच्या पुंगळीची मान कापून, साच्यातून काढून दुसरी जात करता येते. शिक्का मूळचाच राहतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं माहेर सांगावं तसा तो. आज ती कुठल्या घरी नांदते ते मापच सांगतं.

[दृश्य: व्हर्नियरमध्ये लांब पुंगळी. आकडे स्पष्ट दिसावेत.]

पहिली. कड बाहेर आलेली, कडेचा व्यास पावणेचौदा मिलिमीटरच्या आत-बाहेर, लांबी ५६ च्या थोडी वर. ही .३०३. भारतीय फौजेची तेव्हाची मुख्य रायफल याच काडतुसाची. शिक्का आहे ‘के एफ’, म्हणजे खडकीचा, पुण्याजवळचा दारूगोळा कारखाना. बाजूला ४३ आणि रोमन सात. सात म्हणजे काडतुसाचा मार्क, नमुन्याचा क्रमांक; ४३ म्हणजे १९४३.

मग ही १९६१ ची नव्हे? तसंही नाही. साल बनवल्याचं असतं, झाडल्याचं नव्हे. कोठारातलं काडतूस वीस वर्षांनीही निघतं. या शिक्क्याने मामांची हकिगत खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

[दृश्य: विजेरीचा झोत पुंगळीच्या तोंडातून आत. तळाची दोन भोकं.]

हे दृश्य आम्हाला फार आवडलं, म्हणून जरा लांबवलं आहे. तळाशी बाजूबाजूला दोन बारीक भोकं आणि मध्ये उंचवटा दिसतो. ही बर्डन पद्धत. मध्यभागी एकच भोक असतं ती बॉक्सर. बर्डन अमेरिकन, बॉक्सर इंग्रज. आणि आज अमेरिकेत चालते ती इंग्रजाची पद्धत, युरोपच्या फौजांनी उचलली ती अमेरिकनाची. रिलोडिंगवाल्याला बॉक्सर लागते, कारण वापरलेली केप मधल्या भोकातून सुईने ढकलून काढता येते. बर्डनमध्ये ती सुई मोडते. भाच्याने तिकडे ही पुंगळी पाहिल्याबरोबर बाजूला टाकली असती. इथे तिला मखमलीवर ठेवली आहे. मखमल मामींच्या दागिन्यांच्या डबीतली.

[दृश्य: दोन पुंगळ्या शेजारी-शेजारी, आधी बुडं, मग तोंडं.]

आता ही जोडी. दोन्हींना खाच, बूड दोन्हींचं बाराच्या जवळ, लांबीत जेमतेम एका मिलिमीटरचा फरक. बुडाकडून पाहिलं तर जुळ्या. तोंडाकडून मात्र एक आठच्या पुढे, दुसरी पावणेसातच्या आसपास. मोठ्या तोंडाची ७.९२ मिलिमीटर माउझर. लहान तोंडाची ६.५ मिलिमीटर व्हेर्गेरो, पोर्तुगालने १९०४ साली घेतलेल्या रायफलीची. माउझरच्या बुडावर ‘एफ एन एम’ आहे, तो पोर्तुगालच्या राष्ट्रीय दारूगोळा कारखान्याचा शिक्का. व्हेर्गेरोवर शिक्का पुसट आहे, पण माप पुसट नाही. जगात फारशा देशांनी न वापरलेलं हे काडतूस डिचोलीतल्या गोठ्यावर सापडतं, तेव्हा इथे राज्य कुणाचं होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

[दृश्य: पणजीतलं जुनं सचिवालय, मांडवी. संग्रहित छायाचित्रांना जागा सोडावी.]

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून आली. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले. १९ तारखेला संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा शरण आले.

[दृश्य: पुन्हा टेबल. तोंडाशी दुमडल्याच्या खुणा असलेली पुंगळी.]

आणि आता ही. मामांची सर्वांत लाडकी. “ही पॅराशूटवाल्यांची,” ते सांगत आलेत. खाच असलेली, लांबी ५१ च्या आसपास, तोंडाशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या घड्या. घड्या म्हणजे हिच्यात गोळी नव्हतीच. तोंड दुमडून बंद केलेलं, नुसत्या आवाजाचं काडतूस, सरावात किंवा सलामीला वापरतात तसलं. माप ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीचं. शिक्का ‘ओ एफ व्ही’. म्हणजे वरणगाव, भुसावळजवळचा कारखाना. आणि साल ७८.

[दृश्य: मामांचा चेहरा. निवेदन नको.]

वरणगावचा कारखानाच १९६४ चा. १९६१ साली हे पितळ नव्हतंच. नंतर कधीतरी, कुणीतरी, डब्यात टाकली. मुलांनी टाकली असेल.

“शिक्का चुकीचा मारला नसेल कशावरून?” मामा.
“आकडा चुकेल मामा, कारखाना कसा चुकेल?”

[दृश्य: फुगलेल्या कागदी नळीची शॉटगनची पुंगळी. मग छोटी .२२.]

राहिल्या त्या शेतीरक्षणाच्या बंदुकांच्या. कागदी नळी ओलाव्याने फुगली आहे, बुडावर १६. हे मिलिमीटर नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या १६ गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो बंदुकीच्या नळीचा. म्हणून १२ बोअर साडेअठरा मिलिमीटर आणि १६ बोअर पावणेसतराच्या जवळ. आकडा वाढला की तोंड लहान. ही छोटी .२२. ठोका मध्ये नाही, कडेवर आहे, कारण दारू पेटवणारा मसाला कडेतच भरलेला असतो. ही पुन्हा भरता येत नाही.

[दृश्य: पुंगळ्या पाकिटांत. मामा पेनाने लिहितात.]

प्रत्येकीला वेगळं पाकीट. वर मापं, शिक्का, कुठे मिळाली, कुणी सांगितलं. ७८ च्या पाकिटावर मामांनी “सैन्याची” एवढंच लिहिलं, सालाची जागा मोकळी सोडली. एका पुंगळीवर शिक्काच नाही आणि तिचं माप कुठल्याच तक्त्याशी जुळलं नाही. तिच्या पाकिटावर फक्त आकडे आहेत.

[दृश्य: रस्ता. भंगाराचा टेंपो.]

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. घरी पुंगळी भरणं हेही बनवणंच. दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भागही येतात. वापरायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सूट आहे, पण ती आपल्याला लागू आहे की नाही हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. गोळी जागेवर असलेलं किंवा केपेवर ठोका नसलेलं काही सापडलं तर हात न लावता ११२ वर फोन करावा. टेंपोत तर ते मुळीच घालू नये.

[दृश्य: मामा फाटकाशी, शेजाऱ्याशी बोलताना.]

शेजारच्या घरीही असाच एक डबा आहे. त्यांचा माळा रविवारी काढणार आहेत. भाच्याचं विमान शनिवारचं, म्हणून व्हर्नियर मामांकडेच राहिला आहे.