सांगलीच्या उन्हाळ्यात लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताना

नमस्कार मंडळी. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक कसं करायचं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने कसं चालवायचं, ते आज स्लायडर हलवत बघू. त्याआधी एक समजून घ्या. डेस्कटॉपवर पॉवर लिमिट (कार्डाला मिळणाऱ्या वॅटची मर्यादा) वाढवता येतं, लॅपटॉपवर ते बहुधा कुलूपबंद असतं. एनव्हीडियाच्या कार्डाचं आरटीएक्स ३०६० हे एकच नाव, पण कंपनी ते ६० वॅटलाही बसवते आणि ११५ वॅटलाही. तुमचं कार्ड किती वॅटचं आहे हे माहीत नसेल, तर मित्राचे आकडे तुमच्या काही कामाचे नाहीत. कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'एनव्हीडिया-एसएमआय' (nvidia-smi) ही कमांड द्या. चालू वॅट आणि मर्यादा शेजारी शेजारी दिसतील. काही लॅपटॉपवर मर्यादेचा आकडा येत नाही. तिथे कार्डावर लोड (ताण) देऊन वॅट कुठे अडकतात ते बघायचं.

[स्क्रीनवर: एचडब्ल्यूइन्फो, सेन्सर विंडो]

चार्जर लावा, परफॉर्मन्स मोड चालू करा. बॅटरीवर ही चाचणी करूच नका, तिथे कार्डाला निम्मेसुद्धा वॅट मिळत नाहीत. मध्येच लाईट गेली तर ते रीडिंग सोडून द्या. सुपरपोझिशन किंवा हेवन बेंचमार्क (कार्डावर ताण टाकून स्कोअर देणारा प्रोग्रॅम) २० मिनिटं फिरू द्या आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'परफॉर्मन्स लिमिट'च्या ओळी बघा. 'पॉवर'पुढे 'येस' असेल तर कार्ड वॅटला अडलंय. 'थर्मल'पुढे 'येस' असेल तर उष्णतेला अडलंय. तापमान ८७ अंशांच्या आसपास खिळलेलं असेल, तर आधी लॅपटॉप साफ करा. जाळ्यात धूळ असेल तर ब्रशने काढा. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. एवढं करूनही उतरलं नाही, तर थर्मल पेस्ट (चिपवरचा उष्णता पुढे नेणारा लेप) बघावी लागेल.

आता कोअर, म्हणजे ग्राफिक्स चिपचा मुख्य भाग. एमएसआय आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉक (कोअरचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) +५० करून टिक (सेटिंग लागू करायचं बटण) दाबा, १० मिनिटं बेंचमार्क चालवा. मग +६५, +८०. क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी हलतो, म्हणून १५-१५ ने चढा. बऱ्याच कार्डांना +१०० ते +१५० झेपतं. कुठेतरी स्क्रीन क्षणभर काळी होईल आणि ड्रायव्हर (विंडोजला कार्डाशी जोडणारं सॉफ्टवेअर) परत उभा राहील. कार्डाने २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, तेच हे. तिथून ३० मागे या.

इथे एक गंमत बघा. कार्डाच्या आत प्रत्येक व्होल्टेजला एक क्लॉक ठरलेला असतो. तोच व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी कर्व्ह. +१०० म्हणजे हा सगळा कर्व्ह १०० ने वर सरकतो, व्होल्टेज वाढत नाही. म्हणजे चिपमध्ये जी थोडी राखीव ताकद असते, तीच आपण वापरतो. ती जास्त क्लॉकसाठी वापरा किंवा कमी व्होल्टेजसाठी. डेस्कटॉपवाले पहिलं करतात. लॅपटॉपवर, त्यातही एप्रिल-मेमध्ये, माझं स्पष्ट मत आहे की दुसरं करावं.

[स्क्रीनवर: कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह एडिटर]

नीट बघा. समजा मूळ सेटिंगवर लोडखाली ८५० मिलीव्होल्टला १,७०० मेगाहर्ट्झ मिळतायत. आधी कोअर स्लायडर -२५० करून टिक दाबा, सगळा कर्व्ह खाली बसेल. आता ८०० मिलीव्होल्टचा ठिपका माऊसने उचलून १,७०० वर न्या. परत टिक. त्याच्या उजवीकडची रेघ आपोआप सपाट होईल. आता कार्ड ८०० च्या वर जाणारच नाही. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत लागते. ८५० चे ८०० म्हणजे त्याच क्लॉकला चिपची ती वीज साधारण ११ टक्क्यांनी कमी. वाचलेले वॅट बघून तोच ठिपका १५-१५ ने १,७५० च्या आसपास न्या. कार्ड गरम झालं की ठिपका एखादी पायरी खाली दिसतो, तो बिघाड नाही. म्हणून कर्व्ह कार्ड तापलेलं असतानाच लावा.

सपाट रेघेचा आणखी एक फायदा आहे. नुसता ऑफसेट (+१०० सारखी सरसकट वाढ) दिला की बेंचमार्क तासभर चालतो आणि गेमच्या मेनूत क्रॅश होतो. कारण जड दृश्यात कार्ड वॅटला अडतं, कर्व्हच्या मधल्या भागातच राहतं. हलक्या दृश्यात वॅट मोकळे असतात, मग ते वरच्या टोकाला जातं, जिथे आपण तपासलेलंच नसतं.

कार्डाची मेमरी वेगळी तपासा, तेव्हा कोअर मूळ सेटिंगवर हवा. +१०० ने चढा आणि प्रत्येक वेळी स्कोअर लिहून ठेवा. स्कोअर वाढायचा थांबला किंवा उतरायला लागला, की २०० मागे. रंगीत ठिपके, चौकोन दिसेपर्यंत थांबू नका. लॅपटॉपमध्ये बहुधा मेमरीच्या तापमानाचा आकडा दिसतच नाही, म्हणून इथे हावरटपणा नको.

आता सांगलीचं. मेमध्ये दुपारी पारा ४० च्या घरात, वर पत्र्याची किंवा स्लॅबची खोली. खोली १५ अंशांनी तापली, तर पंखे तेवढेच फिरत असताना कार्डही जवळपास तेवढंच तापतं. जानेवारीत पहाटे पास झालेलं सेटिंग मेच्या दुपारी पडतं ते यामुळे. अंतिम चाचणी दुपारी ३ वाजता करा, रात्री गच्चीवर नव्हे. प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच असतात. पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं की टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि कार्डाला मोकळीक मिळते. प्रोसेसरवर ताण असलेल्या गेममध्ये मात्र फ्रेम कमी होतील, तिथे नको.

व्हीबायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करून, म्हणजे बदलून, वॅट वाढवा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चार्जर, बोर्डवरचा वीजपुरवठा आणि हीटसिंक तुमच्या मूळ वॅटसाठीच बनवलेले असतात. फ्लॅश फसला तर कार्ड निकामी होऊ शकतं.

आणि आफ्टरबर्नरमध्ये विंडोज सुरू होताना सेटिंग लावायचं बटण आठवडाभर दाबू नका. दाबलं आणि चालू होताच क्रॅश व्हायला लागलं, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाका. प्रोफाइलच्या पाच जागा आहेत. १ वर मूळ सेटिंग, २ वर थंडीचं, ३ वर उन्हाळ्याचं ठेवा. कमेंटमध्ये कार्डाचं नाव लिहाल तेव्हा सोबत वॅटही लिहा, नाहीतर नेमका आकडा सांगता येणार नाही.